ज्वाळेवाचून उष्णता : प्रवर्तन शेगडी, मोठे भांडे आणि मोडाचे धान्य

सुरत शहराच्या दक्षिणेस उधना, पांडेसरा आणि बमरोली ही एकमेकांना लागून वाढलेली उद्योगवस्ती आहे. यंत्रमाग आणि कापडावरील प्रक्रिया हे तेथील मुख्य व्यवसाय होत. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील अनेक कुटुंबांचा चरितार्थ या वस्तीवर अवलंबून आहे. भुसावळकडे जाणारा तापी खोऱ्याचा लोहमार्ग उधन्यापासूनच फुटतो. त्यामुळे खानदेश आणि सुरत यांमधील येजा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही या शहरात आहेत.

अशा वस्तीतील भाड्याच्या खोलीत जागा थोडी, माणसे अधिक आणि वारा कमी अशी स्थिती असते. अशा खोलीत सिलिंडर आणि ज्वाळा एकत्र नांदविणे धोक्याचे असते. म्हणून इंडक्शन शेगडी, म्हणजेच प्रवर्तन शेगडी, अशा घरांतून शिरली. सणासुदीला गावी येताना एखादा तरुण ती बरोबर घेऊन येतो आणि मग घरात पहिला प्रश्न निघतो तो असा की, आजीच्या पितळी पातेल्यात तीवर दूध का तापत नाही? दुसरा प्रश्न खर्चाचा असतो. अलीकडे तिसरा एक प्रश्नही कानावर येतो. परदेशांत लोक याच शेगडीवर मोठी भांडी ठेवून घरच्या घरी बिअर तयार करतात असे ऐकिवात येते. तसे येथे करता येईल काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच शास्त्रीय तत्त्वाशी निगडित आहेत. ते तत्त्व, त्याचे गणित आणि त्याचा आपल्या परिस्थितीत होणारा उपयोग यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

तत्त्व काय आहे?

चुलीत किंवा गॅसच्या शेगडीत उष्णता प्रथम ज्वाळेत निर्माण होते आणि तेथून ती भांड्याकडे जाते. जाता जाता तिचा मोठा भाग भोवतालच्या हवेत निसटतो. विजेच्या जुन्या तारेच्या शेगडीतही प्रथम तार तापते आणि मग भांडे तापते. प्रवर्तन शेगडीचे वैशिष्ट्य असे की, तीत शेगडी मुळीच तापत नाही. उष्णता भांड्याच्या बुडातच जन्म घेते.

हे कसे घडते? शेगडीच्या काचेखाली तांब्याच्या तारेचे चपटे वेटोळे बसविलेले असते. आपल्या घरातील वीज एका सेकंदात ५० वेळा आपली दिशा बदलण्याचे चक्र पूर्ण करते. शेगडीतील विद्युतमंडल हीच वीज सेकंदाला सुमारे २० हजार ते ५० हजार चक्रे इतक्या कंप्रतेची करून वेटोळ्यात सोडते. त्यामुळे वेटोळ्याभोवती तितक्याच वेगाने पालटणारे चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते. त्या क्षेत्रात लोखंडी बुडाचे भांडे आले की बुडाच्या धातूत विजेचे प्रवाह आपोआप फिरू लागतात. नदीच्या पात्रात भोवरे फिरतात तद्वत हे प्रवाह गोल फिरतात, म्हणून त्यांना भोवरा प्रवाह असे म्हणतात. धातू या प्रवाहांना रोध करतो आणि त्या रोधातून उष्णता निर्माण होते. लोखंडाचे चुंबकत्व वारंवार पालटावे लागते, त्यातूनही थोडी उष्णता मिळते. परंतु मुख्य वाटा भोवरा प्रवाहांचाच असतो.

भांडे उचलले की उष्णतेची निर्मिती तत्क्षणी थांबते. काच हात लावल्यास गरम लागते ती केवळ तापलेल्या भांड्याच्या स्पर्शामुळे होय.

या विद्येचा इतिहास

चुंबकाच्या पालटाने वीज निर्माण होते हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये प्रयोगाने सिद्ध केले. धातूच्या पिंडात फिरणाऱ्या भोवरा प्रवाहांकडे लेआँ फूको यांनी १८५५ मध्ये लक्ष वेधले. त्या काळी यंत्रे बांधणाऱ्यांना हे प्रवाह नकोसे वाटत, कारण त्यांच्यामुळे वीज वाया जाऊन यंत्र तापे. परंतु एका ठिकाणी जे नुकसान ठरते त्याचाच दुसऱ्या ठिकाणी उपयोग करून घेता येतो. स्वीडनमध्ये शेलिन यांनी १९०० मध्ये प्रवर्तन भट्टीत पोलाद वितळविले. एडविन नॉर्थरप यांनी १९१६ च्या सुमारास उच्च कंप्रतेची भट्टी सिद्ध केली. आज आपल्याकडे जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भंगार लोखंड वितळते ते याच तत्त्वावरील भट्ट्यांतून. घरातील शेगडी आणि जालन्याची भट्टी यांचे कूळ एकच आहे.

स्वयंपाकघरासाठी अशी शेगडी अमेरिकेतील वेस्टिंगहाउस कंपनीने १९७० च्या दशकाच्या प्रारंभी पुढे आणली, पण ती फार महाग होती. विजेचे इतक्या जलद गतीने नियंत्रण करणारा स्वस्त व टिकाऊ अर्धसंवाहक घटक तेव्हा उपलब्ध नव्हता. ही उणीव १९८० च्या दशकात ‘आयजीबीटी’ नावाच्या घटकाने भरून काढली. त्याच्या विकासात प्रमुख वाटा असलेले बी. जयंत बालिगा हे जन्माने भारतीय असून त्यांना २०२४ चा मिलेनियम तंत्रज्ञान पुरस्कार प्रदान करण्यात आला. आजच्या स्वस्त प्रवर्तन शेगडीच्या पोटात बहुधा हाच घटक काम करीत असतो.

पितळी पातेले का चालत नाही?

वेगाने पालटणारा प्रवाह धातूच्या पृष्ठभागालगतच्या थरातून वाहतो. लोखंड चुंबकीय असल्यामुळे त्यात हा थर फारच पातळ, म्हणजे एका मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाइतका असतो. अरुंद वाटेने मोठा जमाव जाऊ लागला म्हणजे घर्षण वाढते; तसाच येथे रोध वाढतो आणि उष्णता भरपूर मिळते. ॲल्युमिनियम, तांबे आणि पितळ हे धातू चुंबकीय नाहीत. त्यांत प्रवाहाचा थर जाड असतो आणि मुळात या धातूंचा रोधही कमी असतो. ॲल्युमिनियमच्या बुडात मिळणारा रोध लोखंडाच्या मानाने सुमारे तिसाव्या हिश्श्याइतका भरतो. अशा भांड्याला साधी शेगडी ओळखत नाही व ती सूचक आवाज करून बंद होते. मातीच्या आणि काचेच्या भांड्यांतून वीज वाहतच नसल्याने त्यांचा प्रश्नच उद्भवत नाही.

भांडे चालेल की नाही हे पाहण्याची कसोटी सोपी आहे. साधा लोहचुंबक भांड्याच्या बुडाला लावून पाहावा. तो घट्ट चिकटला तर भांडे योग्य समजावे. बिडाची कढई आणि लोखंडी सपाट तवा या कसोटीस उतरतात. स्टेनलेस स्टीलची सर्वच भांडी मात्र उतरत नाहीत. ज्या स्टीलमध्ये निकेलचे प्रमाण बरेच असते त्याला चुंबक फारसा चिकटत नाही. म्हणून अशा भांड्याच्या बुडाला चुंबकीय पोलादाचा थर जोडलेला असावा लागतो. बूड सपाट असणेही आवश्यक आहे. गोल बुडाचा भाग वेटोळ्यापासून दूर राहतो आणि उष्णता कमी मिळते.

खर्चाचे गणित

प्रवर्तन शेगडीत खर्च केलेल्या विजेपैकी सुमारे ८५ टक्के ऊर्जा भांड्यात उतरते. गॅसच्या शेगडीची औष्णिक कार्यक्षमता भारतीय मानकानुसार किमान ६८ टक्के असावी लागते. जाळी कळकट झाली, ज्योत भांड्याबाहेर गेली किंवा वारा लागला की ती याहूनही खाली येते.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. एका किलोतून सुमारे १२.७ युनिट इतकी ऊर्जा मिळते, म्हणजे संपूर्ण सिलिंडरमधून सुमारे १८० युनिट. त्यातील ६८ टक्के भांड्यात उतरली असे धरल्यास १२२ युनिट कामी येतात. तितकेच काम प्रवर्तन शेगडीकडून करून घ्यावयाचे तर १२२ भागिले ०.८५, म्हणजे सुमारे १४४ युनिट वीज लागेल. तेव्हा आपल्या विजेचा शेवटच्या टप्प्याचा दर १४४ ने गुणावा आणि आलेली रक्कम सिलिंडरच्या किमतीशी ताडून पाहावी. या साध्या गुणाकाराने ज्याचा त्याला निर्णय करता येईल.

शेवटच्या टप्प्याचा दर असे मुद्दाम म्हटले आहे. वापर वाढला की पुढील युनिटांना चढा दर लागतो आणि शेगडीची युनिटे ही या वाढीव वापरातच मोडतात. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मीटर घरमालकाच्या नावे असल्यास आणि तो स्वतः ठरविलेल्या दराने युनिटे आकारीत असल्यास गणित त्या दराने करावे लागेल. कित्येकदा गॅस स्वस्त पडतो तो यामुळेच. तरीही बंद खोलीत ज्वाळा, धूर आणि गळती नसणे या लाभाचे मोल केवळ रुपयांत मोजता येत नाही.

केंद्र शासनाच्या एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या उपक्रमाने २०२३ मध्ये २० लाख प्रवर्तन शेगड्या वितरित करण्याचा कार्यक्रम जाहीर केला, यावरून या साधनाकडे पाहण्याचा शासकीय दृष्टिकोन स्पष्ट होतो. मात्र कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रात कोळशातील ऊर्जेचा सुमारे एकतृतीयांश भागच विजेच्या रूपाने बाहेर पडतो. घरातला धूर गेला म्हणजे धूर समूळ नाहीसा झाला असे मानण्याचे कारण नाही. वीज जसजशी सूर्यापासून आणि वाऱ्यापासून अधिक मिळू लागेल, तसतसा हा दोष उणावेल.

मोठे भांडे : वीस लिटरचा हिशेब

चहा, दूध, वरण-भात यांसाठी ही शेगडी सोयीची आहे. पण बचत गटाला खवा आटवावयाचा असेल, शाळेला मुलांसाठी पेज करावयाची असेल किंवा परदेशातील हौशी माणसाप्रमाणे वीस लिटरचे भांडे उकळावयाचे असेल, तर काय?

वीस लिटर पाणी ३० अंश सेल्सिअसवरून १०० अंशांवर न्यावयाचे आहे असे समजू. त्यास सुमारे १.६३ युनिट इतकी उष्णता लागते. शेगडी २००० वॅटची असली तर त्यातील १७०० वॅट भांड्यात उतरतात. या वेगाने पाण्याला उकळी येण्यास ५७ मिनिटे लागतील. भांड्याच्या अंगावरून जाणारी उष्णता धरल्यास तासापेक्षा अधिक वेळ लागेल. उकळी आल्यावर ही शेगडी पूर्ण क्षमतेने चालविली तरी एका तासात फार तर २.७ लिटर पाण्याची वाफ करू शकते. यावरून घरगुती शेगडीची मर्यादा वीस लिटरच्या आसपास येते हे दिसून येईल. चाळीस लिटरसाठी ३५०० वॅटची व्यावसायिक शेगडी घ्यावी लागते. तिलाही उकळी आणण्यास सव्वा तास सहज लागतो. भांड्याला झाकण घातले आणि बाहेरून उष्णतारोधक वेष्टन गुंडाळले तर वेळ व वीज या दोहोंचीही बचत होते. शेगडी तापत नसल्यामुळे असे वेष्टन येथे ज्वाळेच्या मानाने पुष्कळ सुरक्षित असते. मात्र ते बुडाखाली किंवा पंख्याच्या झरोक्यावर येऊ देऊ नये.

मोठ्या भांड्याच्या बाबतीत तीन अडचणी उद्भवतात.

पहिली अडचण वजनाची होय. वीस लिटर द्रव आणि भांडे मिळून वजन २३ ते २५ किलो भरते. घरगुती शेगडीची काच इतक्या भारासाठी केलेली असेलच असे नाही. माहितीपुस्तिकेत दिलेली भारमर्यादा पाहिल्यावाचून असे भांडे तीवर चढवू नये.

दुसरी अडचण उष्णतेच्या वाटपाची. भांड्याचे बूड रुंद आणि वेटोळे लहान असल्यास उष्णता मधल्या कड्यातच एकवटते. पाण्याला त्याने बाधा येत नाही. परंतु दूध, पिठूळ पेज किंवा काकवी असेल तर तेवढी जागा करपते. जाड बुडाचे भांडे, मध्यम आच आणि सतत ढवळणे हाच त्यावर उपाय होय.

तिसरी अडचण तापमानाची. शेगडीवर ६० किंवा ८० असा अंक दिसला म्हणजे पदार्थ तितका तापला असे कोणी समजू नये. शेगडीचा संवेदक काचेखाली असतो. त्याला काचेचे तापमान कळते, वीस लिटर द्रवाच्या गाभ्याचे नव्हे. ज्या कामात दोन-चार अंशांनाही महत्त्व आहे तेथे स्वतंत्र तापमापी द्रवात बुडवूनच मोजणी करावी.

बिअर आणि कायदा

बिअर करताना अशा भांड्यात काय केले जाते ते पाहू. जवाला मोड आणून तो वाळवितात; त्याला माल्ट म्हणतात. भरडलेला माल्ट सुमारे ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात. त्या अवधीत धान्यातील पिष्टाचे साखरेत रूपांतर होते. नंतर तो गोड द्रव गाळून हॉप नावाच्या वेलीच्या फुलांसह तासभर उकळतात, थंड करतात आणि यीस्ट घालून आंबवितात. ब्रिटनमध्ये १९६३ मध्ये घरगुती बिअरवरील परवान्याची अट काढून टाकण्यात आली. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने तशी मोकळीक मिळाली. तेथील हौशी लोकांना प्रवर्तन शेगडी आवडते याचे कारण उघड आहे. घरात मोठी ज्वाळा नको आणि आच मात्र ताबडतोब कमीअधिक व्हावी, या दोन्ही गरजा ती भागविते.

आपल्याकडील स्थिती सर्वस्वी भिन्न आहे. महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांतील दारूबंदीविषयक कायद्याचे मूळ मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ हेच आहे. १ मे १९६० रोजी दोन राज्ये अस्तित्वात आली तेव्हा तो दोहोंकडे चालू राहिला. गुजरातने दारूबंदीचे धोरण पुढे चालविले. महाराष्ट्राने परवान्याची पद्धत स्वीकारली. पुण्या-मुंबईत बिअर तयार करणारी लहान निर्मितीगृहे दिसतात ती परवान्याखालीच चालतात. परवान्यावाचून मद्य तयार करणे हा दोन्ही राज्यांत गुन्हा आहे. इतकेच नव्हे, तर मद्य तयार करण्याच्या उद्देशाने साहित्य, भांडी अथवा उपकरणे जवळ बाळगणे हेही या अधिनियमाखाली शिक्षेस पात्र ठरते. शेगडी, पातेले, तापमापी या वस्तू निर्दोष आहेत. दोष उद्देशात आहे. बमरोलीच्या खोलीत असो वा शिरपूरच्या घरात असो, हौस म्हणून केलेला असा प्रयोग तरुणाच्या नोकरीवर आणि कुटुंबाच्या अब्रूवर बेतू शकतो. शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी ही गोष्ट तरुणांना स्पष्ट शब्दांत सांगावी.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे आणि जुलै २०२२ मध्ये गुजरातेतील बोटाद परिसरात विषारी दारूने अनेकांचे प्राण घेतले. ते विष धान्य आंबल्यामुळे तयार झाले नव्हते; कारखान्यांत वापरला जाणारा मिथेनॉल त्या दारूत होता. बेकायदा दारूत काय मिसळले आहे हे रंगावरून, वासावरून अथवा चवीवरून कोणालाही ओळखता येत नाही. म्हणून तिच्यापासून दूर राहणे हेच श्रेयस्कर.

तीच क्रिया, बालकाच्या वाटीत

बिअरच्या कृतीतील मद्याचा भाग बाजूला ठेवला तर मागे एक अत्यंत उपयुक्त क्रिया उरते. मोड आलेल्या धान्याने पिष्टाचे साखरेत रूपांतर करणे ही ती क्रिया होय. आपल्या घरांत नाचणीचे सत्त्व पिढ्यान्‌पिढ्या केले जाते. त्यामागील शास्त्र मात्र सर्वांना ठाऊक असतेच असे नाही.

धान्याला मोड येताना त्यात अमायलेज नावाचे विकर तयार होते. पिष्टाच्या लांब साखळ्या तोडून त्यांचे लहान तुकडे करणे हे त्याचे कार्य. साधारणतः ६० ते ७० अंश सेल्सिअस या तापमानात ते जोमाने काम करते. उकळत्या पाण्यात ते नष्ट होते. बालकाच्या आहारात याचे महत्त्व फार आहे. लहान मुलाचे पोट लहान असते. पेज पातळ केली तर पोट पाण्यानेच भरते. घट्ट केली तर मूल गिळत नाही. घट्ट पेजेत मोडाच्या पिठाचा एक लहान चमचा मिसळला तर ती काही मिनिटांतच पातळ होते; धान्य मात्र होते तितकेच राहते. म्हणजे त्याच वाटीत अधिक अन्न मुलाच्या पोटात जाते. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८० च्या दशकात या विषयावर महत्त्वाचे संशोधन झाले आहे.

कृती पुढीलप्रमाणे आहे. नाचणी स्वच्छ धुऊन रात्रभर भिजवावी. नंतर ओल्या फडक्यात बांधून एक ते दोन दिवस ठेवावी. बारीक मोड दिसू लागले की पसरून पूर्ण वाळवावी. विकर टिकवावयाचे असेल तर ती खमंग भाजू नये. खमंग भाजलेल्या सत्त्वाला स्वाद चांगला येतो. परंतु त्यातील विकर मेलेले असते. वाळलेली नाचणी दळून कोरड्या डब्यात ठेवावी. नेहमीच्या पिठाची घट्ट पेज शिजवावी, तापमापीवर ती ७० अंशांच्या खाली उतरू द्यावी, मग मोडाचे पीठ घालून ढवळावे. पेज पातळ झाली की तिला पुन्हा एक उकळी आणावी. ही शेवटची उकळी टाळू नये. मोड आणताना धान्यावर जंतूंचीही वाढ होऊ शकते व ते उकळीनेच मरतात.

या कामी प्रवर्तन शेगडी विशेष उपयोगी ठरते, कारण आच क्षणात कमी करता येते आणि तापलेली भट्टी मागे राहत नाही. योगायोगाची गोष्ट अशी की, दुधाचे पाश्चरीकरण करण्याची एक मान्य पद्धतही याच तापमानाच्या जवळपास आहे. त्या पद्धतीत दूध ६३ अंशांवर ३० मिनिटे राखतात व त्वरित थंड करतात. एक शेगडी, जाड बुडाचे एक भांडे आणि एक चांगली तापमापी एवढी सामग्री असलेल्या बचत गटाला ही दोन्ही कामे करता येण्यासारखी आहेत. विक्रीसाठी खाद्यपदार्थ करावयाचे असल्यास अन्नसुरक्षा विषयक नोंदणी मात्र आधी करून घ्यावी.

शाळेत करण्याजोगे दोन प्रयोग

पहिला प्रयोग कार्यक्षमतेचा. चुंबक चिकटणाऱ्या भांड्यात एक लिटर पाणी घ्यावे व त्याचे तापमान नोंदवावे. शेगडी १००० वॅटवर ठेवून पाण्याचे तापमान ५० अंशांनी वाढण्यास लागणारा वेळ घड्याळाने मोजावा. इतक्या पाण्याने सुमारे २०९ किलोज्यूल उष्णता घेतलेली असते. कार्यक्षमता ८५ टक्के असल्यास सुमारे २४६ सेकंद लागावयास हवेत. प्रत्यक्ष लागलेल्या सेकंदांनी २०९ ला भागून शंभराने गुणले की आपल्या शेगडीची टक्केवारी मिळते. झाकणासह आणि झाकणाविना असा प्रयोग दोनदा करावा.

दुसरा प्रयोग विकराचा. घट्ट पेज दोन वाट्यांत घेऊन ती ६५ अंशांच्या सुमारास आणावी. एकीत मोडाचे पीठ घालावे, दुसरीत साधे पीठ घालावे. दहा मिनिटांनी दोन्ही वाट्या तिरप्या करून पाहाव्यात. मुलांना फरक डोळ्यांनी दिसेल. हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा.

घ्यावयाची दक्षता

(१) २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेते. दिवा-पंख्याच्या ६ अँपिअर जोडणीवर ती कधीही चालवू नये. १६ अँपिअरची स्वतंत्र जोडणी, पुरेशा जाडीची तांब्याची तार, योग्य एमसीबी आणि खरे अर्थिंग असावे. जुन्या चाळीत ज्वाळेचा धोका टाळण्यासाठी आणलेली शेगडी कमकुवत तारेमुळे आगीचेच कारण होऊ नये.

(२) ३५०० वॅटची शेगडी १५ अँपिअरहून अधिक प्रवाह घेते. तिच्यासाठी परवानाधारक तारतंत्र्याकडून वेगळी वाहिनी ओढून घ्यावी व मंजूर भार वाढवून घ्यावा.

(३) शेगडीखालील पंख्याचे झरोके भिंतीने, फडक्याने किंवा रुंद भांड्याने झाकू नयेत. काम संपताच प्लग ओढू नये. पंखा थांबेपर्यंत वाट पाहावी.

(४) काचेला तडा गेला असेल तर शेगडी वापरू नये. सांडलेले पाणी तड्यातून विजेच्या भागापर्यंत पोहोचते.

(५) ज्यांच्या हृदयात पेसमेकर बसविलेला आहे अशा व्यक्तींनी चालू शेगडीपासून सुमारे दोन फूट अंतर राखावे व आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

(६) ज्वाळा नाही म्हणून तेलाची कढई सोडून जाऊ नये. अति तापलेले तेल ज्वाळेवाचूनही पेट घेते.

समारोप

प्रवर्तन शेगडी हे साऱ्या अडचणींवरचे औषध नव्हे. वीज गेली की ती थांबते, पितळी भांड्याला ती जुमानत नाही आणि दर चढा असेल तर ती गॅसहून महाग पडते. परंतु अपुऱ्या जागेत, बंद खोलीत, धुराविना व मोजक्या आचेवर काम करावयाचे असेल तेथे तिच्या तोडीचे दुसरे साधन सहसा आढळत नाही. सुरतेहून गावी आलेल्या शेगडीचा प्रश्न आजीच्या पितळी पातेल्यापाशी सुरू झाला होता. ते पातेले फडताळात मानाने ठेवावे, लोखंडी कढई खाली काढावी आणि पहिली पेज घरातील लहानग्यासाठी करावी. त्या शेगडीचा याहून चांगला आरंभ दुसरा नाही.